मुली आणि गणिताची स्पर्धा



शहागडला गोदावरीवरचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. धुळे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या लेखी आमचे गाव म्हणजे चहाचा एक थांबा. अशा गावात राहणारा मी आज तुमच्याशी युरोपातल्या एका स्पर्धेविषयी बोलणार आहे. कुणी म्हणेल, "सर, नदीचं पाणी शेतात कसं येईल ते सांगा; युरोप कशाला?" जरा दम धरा. त्या स्पर्धेची वाट आमच्या गावातूनही जाते. ती कुठे अडते, तेवढेच मला सांगायचे आहे.

शाळेतल्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड 1959 पासून भरते. भारत त्यात 1989 पासून उतरतो, आणि 1996 साली तर ते आपल्या मुंबईतच भरले होते. मुलगा असो की मुलगी, सर्वांना ते खुले आहे. पण खुले दार आणि आत जाणारी माणसे यांचा हिशेब नेहमीच जुळतो असे नाही. भाग घेणाऱ्यांत मुली साधारण दहांत एक. म्हणून 2012 साली इंग्लंडमधील केंब्रिजला फक्त मुलींचे ऑलिंपियाड सुरू झाले. नाव युरोपचे, पण बाहेरचे देशही पाहुणे म्हणून येतात, आणि 2015 पासून आपल्या चार मुलींचा संघ तिथे जातो.

आता प्रश्न येतो, आणि तो शिक्षकच अधिक विचारतात, की मुलींची वेगळी स्पर्धा म्हणजे सोपी स्पर्धा का? नाही. दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीनच प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला 7 गुण, एकूण 42. मोठ्या ऑलिंपियाडची रीत तीच आणि गुणही तेच. आणि नुसते उत्तर लिहून भागत नाही. ते का खरे आहे, हे पायरी-पायरीने पटवून द्यावे लागते. साडेचार तासांत तीन प्रश्न म्हटल्यावर लक्षात येईल की घाईचे हे काम नव्हे.

मग वेगळी कशाला? याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही; माझ्याच चुकीतून सापडले.

मी महाविद्यालयात गणित शिकवतो. एका पावसाळ्यात आठवी-नववीची काही मुले-मुली रविवारी जमवली आणि रोजच्या पुस्तकाबाहेरची गणिते घालू लागलो. फळ्यावर प्रश्न लिहायचा आणि विचारायचे, "कोण सांगतो?" सांगतो, म्हणे! प्रश्नच मी मुलग्यांना विचारत होतो, हे तेव्हा ध्यानात आले नाही. चार मुलगे ओरडत. जो मोठ्याने बोले त्याचे मी ऐके. मुली मान खाली घालून बसत. तिसऱ्या रविवारी जाताना एका मुलीची वही सहज उघडी दिसली. उत्तर बरोबर होते, आणि ते खोडलेले होते. विचारले तर म्हणाली, "तो दुसरंच सांगत होता सर, मला वाटलं माझंच चुकलं."

पुढच्या रविवारपासून मुलींचा वेगळा तास ठेवला. गणिते तीच. त्यांतले एक तुम्हालाही घालतो. कागद-पेन्सिल लागत नाही.

एका खोलीत सहा मुली आहेत. काहींची आपसात मैत्री आहे, काहींची नाही. मैत्री म्हटली की ती दोघींकडून. तर, खोलीतल्या मैत्रिणींची संख्या जिच्याइतकीच दुसरीचीही आहे, अशा दोघी तरी निघतातच. हे सिद्ध करा.

बराच वेळ शांतता होती. एकीने हिशेब मांडला की प्रत्येकीच्या मैत्रिणी शून्यापासून पाचापर्यंत कितीही असू शकतात. म्हणजे संख्या सहा आणि मुलीही सहा. प्रत्येकीला वेगळी संख्या देता येईल. मग गणितच चुकीचे! तेवढ्यात ती उत्तर खोडणारी मुलगी मागून बोलली, "पण सर, जिला एकपण मैत्रीण नाही अशी कुणी असली, तर सगळ्यांची मैत्रीण कशी कुणी असंल?" झाले. शून्य आणि पाच एका खोलीत नांदू शकत नाहीत. मग संख्या उरल्या पाच आणि मुली सहा. कुठल्या तरी दोघींची संख्या सारखी यायलाच हवी. तिने खडू हातात घेतला नाही, जागेवरूनच बोलली; पण तिला कुणी मध्ये तोडले नाही. वेगळ्या स्पर्धेचे कारण मी यापेक्षा नीट सांगू शकत नाही.

आपल्या मुलखाला हे नवे वाटू नये. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. तिच्यातली कितीतरी गणिते एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण गावी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे. अजिंठ्याचा डोंगर उतरले की पलीकडेच ते ठिकाण. अलीकडचे नाव घ्यायचे तर मंगला नारळीकरांचे घ्यावे लागेल. लग्न झाले, संसार झाला, मुली झाल्या, आणि 1981 साली त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. त्यांचे 'गणितगप्पा' हे पुस्तक आपल्या शाळेच्या कपाटात नसेल, तर शिक्षकांनी अवश्य आणावे.

अमेरिकेत मुलींसाठीच्या अशा काही स्पर्धांत आणखी एक दार उघडले आहे. आपण मुलगा किंवा मुलगी यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही असे ज्यांना मनापासून वाटते, त्या विद्यार्थ्यांनाही तिथे बसता येते. ऐकून कुणी हसेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली तृतीयपंथीयांना वेगळी ओळख दिली. पण असे मूल आपल्या खेड्यात शाळेतली थट्टा सोसून दहावीपर्यंत पोचते का, हे शिक्षकांनीच आठवून पाहावे. गणिताला तो रकाना लागतच नाही. अर्जाला लागतो.

असो. वाट अडते कुठे, तिकडे येतो.

या स्पर्धेकडे नेणारी पहिली पायरी म्हणजे देशभर होणारी पात्रता परीक्षा. आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना तिला बसता येते. तीन तास, तीस प्रश्न. अलीकडच्या वर्षांत ती सप्टेंबरात होते. तीत निवडलेल्यांची विभागीय परीक्षा ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात, आणि राष्ट्रीय परीक्षा जानेवारीत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे पुढचे काम असते. आता हे महिने आमच्याकडच्या पंचांगाशी ताडून पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयता थांबत नाही. म्हणजे पहिली परीक्षा गावात असताना, आणि दुसरी परीक्षा फडात!

त्या मुलीला आम्ही सप्टेंबरात बसवले. परीक्षेचे केंद्र शहरात. वडील म्हणाले, "पोरगं असतं तर यष्टीत बसवून दिलं असतं सर. पोरीसंगं कोण जाणार?" शेवटी एक शिक्षिका चार मुलींना घेऊन गेल्या, आपला रविवार मोडून. ती पात्र ठरली नाही. काही गुण मिळाले, पण निवड झाली नाही. निकाल कळला तेव्हा तिच्या घराला कुलूप होते. धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही टोळीबरोबर नेले होते. पण पात्र ठरली असती, तर कारखान्याच्या तळावरून तिला परत कोण आणणार होते, याचे उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते.

अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मूल गावी नातेवाइकापाशी राहते आणि शाळा सुटत नाही. तिचे नाव आम्ही वेळेवर घातले नाही. परीक्षेच्या अर्जाची तारीख सर्वांच्या लक्षात होती, ही नव्हती. यंदा आजी तिला ठेवून घ्यायला तयार आहे, आणि यादी पावसाळ्यातच करायची असे आम्ही ठरवले आहे.

पाडव्याच्या सुमारास टोळी परतली. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, भाऊ कडेवर. म्हणाली, "सर, ते मैत्रिणीचं गणित. मैत्री एकाच बाजूनं असली तर?"

म्हटले, "म्हणजे?"

"म्हणजे मी तिला मैत्रीण मानते, पण ती मला मानत नाही. मग ते खरं राहत नाही." आणि तिने बोटांवर दाखवले: तिघीजणी घ्या, पहिली कुणालाच मानत नाही, दुसरी फक्त पहिलीला मानते, तिसरी दोघींना मानते. शून्य, एक, दोन. तिघींच्या संख्या वेगळ्या.

मी तपासून पाहिले. बरोबर होते. तिने या खेपेला ते खोडले नव्हते. कारण लिहिलेच नव्हते, वही गावीच राहिली होती.