विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर



‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मीं पस्तीस वर्षें वर्गांत शिकविली. तिचा अर्थ मात्र गेल्या माघ महिन्यांत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं कळला. आम्ही चौघे मित्र नाशिकहून दापोली तालुक्यांतील मुरूडच्या समुद्रकिनारीं गेलों, तें एका फिरत्या घरांतून. या वाहनास कॅराव्हॅन म्हणतात. परदेशांत अशा प्रवासाची चाल जुनी आहे. आपल्या राज्य शासनानें त्याविषयींचें धोरण 2021 सालीं जाहीर केलें. आंत चार बिछाने, चहापुरती शेगडी, पाण्याची टांकी आणि मोरी. आमच्या नानांना दमा आहे, गुडघेही चालूं देत नाहींत. पत्नी निवर्तल्यापासून ते पंचवटीबाहेर पडले नव्हते. “माझें अंथरूण बरोबर येत असेल तर येतों,” असें ते म्हणाले, आणि आम्ही निघालों.

पुणें, ताम्हिणी घाट, माणगांव असा मार्ग होता. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. समोर पाण्यांत सुवर्णदुर्ग उभा होता. आपणांस कोणाचें कांहीं लागत नाहीं, असा थोडा अभिमानही मनांत शिरला.

तो त्याच रात्रीं उतरला. मुरूडास एका नारळी-पोफळीच्या वाडीलगत गाडी उभी केली होती. मालकांची परवानगी चालकानेंच फोनवरून घेतलेली. टांकींतलें पाणी संपलें तेव्हां त्यानें त्यांच्या विहिरीवरून दोन कळशा आणल्या; त्याचेंही आम्हांस कांहीं वाटलें नाहीं. मध्यरात्रीं नानांना धाप लागली. औषधानें उतार पडेना, आणि दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून तें अवजड वाहन अंधारांत वळेना. मीं वाडीच्या घराचें दार ठोठावलें. तेथील काकूंनीं ऊन पाणी दिलें, त्यांच्या मुलानें रिक्षा आणली आणि नानांना दापोलीस डॉक्टरांकडे पोंचविलें. पहाटे ते सुखरूप परतले. मीं पैसे पुढें केले, तेव्हां काकू म्हणाल्या, “मास्तर, शेजाऱ्याकडून कोणी पैसे घेतें काय?”

सकाळीं वाळूंत बसलों असतां एका मुरूडकराची आठवण झाली. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण याच गांवीं गेलें. 1875 सालीं परीक्षेसाठीं ते शंभरांहून अधिक मैल पायीं चालत साताऱ्यास गेले. वय लहान दिसतें म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. पुढें 1916 सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. पण त्यापूर्वींच आपल्या गांवासाठीं मुरूड फंड उभारला होता. पाठीवर बिऱ्हाड नसलेल्या त्या मुलानें गांव मात्र जन्मभर बरोबर वागविलें.

फिरत्या घराची मी निंदा करीत नाहीं. तें नसतें तर नानांना समुद्र दिसला नसता. परंतु घर चाकांवर नेतां येतें, शेजार नेतां येत नाहीं. तो जेथें उतरावें तेथें जोडावा लागतो. म्हणून असा प्रवास कराल तेव्हां गाडी उभी करतांच शेजारच्या घरीं जा आणि आपलें नांव सांगा. आम्हींही तें सांगितलें, पण मध्यरात्रीं, दार ठोठावून.