मोने खोऱ्यांतील मृतांचें स्मरण

(महोत्सवानिमित्त भरलेल्या मृत बांधवांच्या स्मरणसभेंत आपल्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवांत आजची संध्याकाळ आपण मृत बांधवांकरितां राखून ठेविली आहे. त्यांच्याविषयीं बोलण्यापूर्वीं मी आपणांस एका दूरच्या नदीची हकीकत सांगणार आहें. तिचा आपल्याशीं संबंध काय, हें पुढें दिसून येईल.

जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतांत मोने नांवाची लहानशी नदी आहे. नेहाइम गांवापाशीं ती रूर नदीस मिळते. रूर खोऱ्यांतील कारखान्यांना व तेथील दाट वस्तीला बारमाही पाणी मिळावें म्हणून १९०८ ते १९१३ या काळांत मोनेवर सुमारें ४० मीटर उंच व ६५० मीटर लांब असें दगडी धरण बांधण्यांत आलें. धरणाच्या खालच्या अंगास, नदीकांठीं, हिमेलफोर्टन येथें १२४६ सालीं स्थापन झालेला सिस्टर्शियन धर्मभगिनींचा मठ होता. त्याचें लॅटिन नांव ‘पोर्ता चेली’, म्हणजे स्वर्गाचें द्वार. लॉरेटोच्या लितानींत पवित्र मरियेला आपण ज्या बिरुदांनीं आळवितों, त्यांत याच अर्थाचें एक आहे. १८०४ सालीं मठ बंद करण्यांत आला, धर्मभगिनी निघून गेल्या. देवालय मात्र राहिलें.

१६ मे १९४३ रोजीं रविवार होता. त्या रात्रीं इंग्लंडहून १९ लँकेस्टर विमानें १३३ माणसांसह निघालीं. त्यांचा नायक गाय गिब्सन अवघ्या चोवीस वर्षांचा होता. त्याचा जन्म आपल्याच देशांत, सिमल्यास, झालेला. धरणापुढें पाण्यांत संरक्षक जाळीं लावलेलीं होतीं, म्हणून बार्न्स वॉलिस या शास्त्रज्ञानें एक निराळाच बॉम्ब योजिला होता. मुलें तळ्यांत चपटा खडा फेंकतात व तो पाण्यावर टप्पे घेत जातो, तसा हा बॉम्ब जाळीं ओलांडून भिंतीपर्यंत जाई, तेथें बुडे व पाण्याखालीं फुटे. तो टाकण्यासाठीं विमान अंधारांत केवळ ६० फूट उंचीवर आणावें लागे. मध्यरात्र उलटून पाऊण तास झाल्यावर धरणाच्या भिंतीस सुमारें ७७ मीटर रुंदीचें भगदाड पडलें. त्याच रात्रीं एडर नदीचें धरणहि फुटलें.

हिमेलफोर्टनचे धर्मगुरु फादर योसेफ बेर्केनकॉफ यांनीं लोकांस जागें करण्यासाठीं देवालयाची घंटा वाजविली, असें तेथील लोक सांगतात. पाण्याचा लोंढा आला आणि घंटा थांबली. देवालय वाहून गेलें, फादरहि गेले. सातशें वर्षांची ती पवित्र वास्तु पुन्हां तेथें उभी राहिली नाहीं. आज त्या जागीं क्रूस आहे. घंटेच्या दोरीशीं ज्याचें रोजचें नातें आहे, त्याला हा प्रसंग अधिक कांहीं न सांगतां समजतो.

लोंढा पुढें नेहाइमला पोंचला. नदीकांठच्या कुरणांत लाकडी बराकींची एक छावणी होती. नाझी सरकारनें युक्रेन, रशिया, पोलंड अशा जिंकलेल्या देशांतून धरून आणलेल्या स्त्रिया तेथें ठेविलेल्या होत्या. त्यांच्याकडून गांवच्या कारखान्यांत वेठीनें काम करून घेत. नेहाइमला ८०० हून अधिक माणसें मेलीं, त्यांत या छावणींतील निदान ५२६ होतीं. दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांत मिळून मृतांची संख्या १३०० ते १६०० च्या घरांत धरतात. हल्लेखोरांचीं ८ विमानें परतलीं नाहींत. ५३ वैमानिक कामास आले. फुटलेलें धरण त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत दुरुस्त होऊन उभें राहिलें.

सेमिनरींत आम्हांस न्याय्य युद्धाचें प्रकरण शिकवितात. नाझींशीं लढणें न्याय्य होतें, याविषयीं माझ्या मनांत संदेह नाहीं. परंतु ज्यांच्या सुटकेसाठीं तें युद्ध चाललें होतें, त्यांतीलच शेंकडों कैदी स्त्रिया त्या पाण्यांत बुडाल्या, हें न्यायाच्या कोणत्या खात्यांत मांडावें, तें मला अद्याप उमगलेलें नाहीं. धरणांवर असे हल्ले करण्यास प्रतिबंध घालणारें कलम जिनिव्हा करारांच्या पुरवणींत आलें तें १९७७ सालीं.

आतां स्मरणाविषयीं. वैमानिकांच्या शौर्यावर १९५५ सालीं चित्रपट निघाला. त्यांचीं नांवें जगास ठाऊक आहेत. गिब्सन १९४४ सालीं पडला आणि हॉलंडांतील स्टेनबर्गन गांवच्या कॅथलिक दफनभूमींत त्याला पुरलें आहे. हिमेलफोर्टनच्या फादरांचें नांव त्यांच्या लोकांनीं जपलें. राहिल्या त्या छावणींतील स्त्रिया. नेहाइमच्या मातींत त्यांस मूठमाती मिळाली. परंतु रडणारें जवळ कोणी नव्हतें, आणि पुष्कळ वर्षें त्यांच्याविषयीं फारसें कोणी बोललेंहि नाहीं. पुढें त्या खोऱ्यांतील लोक स्मरणदिनीं त्यांचीहि आठवण करूं लागले.

हें सर्व मीं आज कां सांगितलें? महोत्सव समितीनें आपल्या दफनभूमींत स्मरणशिला बसविण्याचें ठरविलें आहे, व तिच्यावर कोरावयाच्या नांवांची यादी माझ्याकडे आली आहे. यादी उत्तम आहे. परंतु आपल्या मृत्युनोंदवहींत माझ्या पूर्वीच्या धर्मगुरूंनीं कांहीं ठिकाणीं नांवाच्या रकान्यांत केवळ ‘अनोळखी, खाडीकांठीं सांपडलेला’ एवढेंच लिहिलें आहे. त्यांनीं त्यांस पुरलें, त्यांच्यासाठीं प्रार्थना केली आणि तारीखहि लिहून ठेविली. त्यांचे कोणी नातलग नाहींत, म्हणून यादींत ते नाहींत.

शिलेवर जागा थोडी आहे व खर्च कुटुंबांनीं सोसला आहे, हें समितीचें म्हणणें मला मान्य आहे. म्हणून मी एकच ओळ मागतों. ती सर्वांत खालीं असली तरी चालेल. तींत फक्त त्यांना पुरल्याच्या तारखा कोराव्या. त्या ओळीचा खर्च मी देईन. ज्यांना आपल्या घरच्या मृतांचीं नांवें अजून द्यावयाचीं असतील त्यांनीं तीं येत्या रविवारच्या पहिल्या मिस्सेपूर्वीं सॅक्रिस्टींत लिहून आणून द्यावीं. नोंदवहींतील तारखा मीं उतरून तेथेंच ठेविल्या आहेत.