विधिशिक्षण : पदवीनंतरची दुसरी वाट



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मागील पिढ्यांच्या कार्याचे स्मरण होत असतानाच पुढील पिढीच्या शिक्षणाचाही विचार होणे उचित आहे. हट्टा येथील मुलगा किंवा मुलगी बसमत, परभणी, नांदेड येथे जाऊन बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. होते आणि त्यानंतर घरात एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? स्पर्धा परीक्षा, बी.एड., दुकान, शेती ही उत्तरे ठरलेली असतात. कोणी कायदा शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, तर वडीलधाऱ्यांच्या मनात दोन शंका येतात. तीन वर्षे दुसरा विषय शिकण्यात घातली, ती वाया गेली काय, ही पहिली. आणि आणखी तीन वर्षांचा भार कसा सोसावा, ही दुसरी. दोन्ही शंका प्रामाणिक आहेत. त्यांचे समाधानही प्रामाणिकपणेच केले पाहिजे.

पहिल्या शंकेचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. बारावीनंतरचा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम ही अलीकडची व्यवस्था होय. त्यापूर्वीचे बहुतेक नामांकित विधिज्ञ आधी दुसऱ्या विषयाचे पदवीधर होते. लोकमान्य टिळकांनी गणित घेऊन बी.ए. केले आणि १८७९ मध्ये एल्एल.बी. ही पदवी मिळविली. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पदवीधर. पुढे त्यांनी ऑक्सफर्ड येथे कायद्याचे अध्ययन केले. स्त्रियांना वकिलीचा व्यवसाय १९२३ च्या कायद्याने निःसंदिग्धपणे खुला झाला. कन्येच्या शिक्षणाचा विचार करताना हे वर्ष अवश्य आठवावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ते मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी. १९१६ मध्ये त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा जमविला, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. या मधल्या काळात, १९१८ मध्ये, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. पुढे १९३७ मध्ये खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधानसभेत मांडले. शेतीचे अर्थकारण ज्याने अभ्यासले, त्याच्याच हातून जमिनीच्या कायद्याचा असा मसुदा उतरला. पहिले शिक्षण वाया जात नाही, त्याला कायद्याचे हत्यार मिळते.

त्याच विधानसभेच्या काळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री होते अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे. १८७८ मध्ये कुरुंदवाड येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एम.ए. आणि एल्एल.बी. या दोन्ही पदव्या संपादन करून त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केले, वकिली केली, पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाणपद सांभाळले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता. साहित्याच्या अभ्यासाने त्यांना लेखणी दिली, कायद्याने संस्था चालविण्याची शिस्त दिली. जैनधर्माचा परिचय करून देणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९०५ मध्ये, तर राजर्षी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका लहान गावातील पदवीधर दोन विद्यांच्या बळावर कोठवर जाऊ शकतो, याचे हे आपल्या समाजातीलच उदाहरण होय.

आता दृष्टी मराठवाड्याकडे वळवू. येथील जमिनीचे तंटे समजण्यास नुसता सातबारा पुरत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे जुनी कागदपत्रे उर्दूत, कोठे मोडीत सापडतात. १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक यांचा उल्लेख वाटणीच्या व मालकीच्या दाव्यांत आजही येतो. इतिहासाचा पदवीधर हे कागद वाचू शिकला, कृषी पदवीधराने कालव्याच्या पाण्याचा तंटा हाती घेतला, वाणिज्य पदवीधराने हिशेबाची वही उलगडली, तर पक्षकाराला खरा आधार मिळेल. बांधाच्या वादापायी दोन सख्खे भाऊ आयुष्यभर अबोला धरतात, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. वेळीच योग्य सल्ला देणारा जाणता माणूस गावात असेल, तर कित्येक भांडणे न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाणारच नाहीत.

धार्मिक संस्थांच्या दृष्टीने तर हा विषय अधिकच निकडीचा आहे. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. विश्वस्त बदलले, की कलम २२ नुसार ९० दिवसांच्या आत बदल अहवाल दाखल करावा लागतो. स्थावर मिळकत विकण्यास, तसेच शेतजमीन १० वर्षांहून अधिक किंवा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यास कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. सद्भावनेने काम करणारे विश्वस्तही या मुदती चुकवितात आणि मग संस्थेचा पैसा व काळ कामकाजात खर्ची पडतो.

याच अधिनियमाला पंचमहाल जिल्ह्यातील एका जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी आव्हान दिले होते. १८ मार्च १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निर्णय दिला. संस्थेच्या मिळकतीच्या कारभाराचे नियमन शासन करू शकते. मात्र कारभाराचा हक्कच काढून घेता येत नाही, आणि मूळ धर्मकार्य शक्य असताना त्याचा निधी अन्यत्र वळविता येत नाही, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. संस्थांकडून घेतले जाणारे अंशदान मात्र न्यायालयाने वैध ठरविले. देवद्रव्य म्हणजे काय हे जाणणारा आणि घटनेचे कलम वाचता येणारा, अशी दोन्ही ज्ञाने एकत्र आल्याविना असा प्रश्न न्यायासनापुढे नीट मांडता येत नाही.

दुसरी शंका खर्चाची व काळाची. पदवीनंतरचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. प्रवेशास खुल्या प्रवर्गात पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात आणि महाराष्ट्रात सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वर्गातील उपस्थिती किमान ७० टक्के हवी. त्यानंतर वकील परिषदेत नोंदणी आणि अखिल भारतीय वकिली परीक्षा. सर्वसाधारण प्रवर्गासाठी नोंदणी शुल्क ७५० रुपयांहून अधिक घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. गरीब घरांना हा मोठा दिलासा आहे. नांदेडला नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगर येथील विधी महाविद्यालयास स्वातंत्र्यसैनिक माणिकचंद पहाडे यांचे नाव आहे.

तथापि अडचणी लपवू नयेत. पूर्णवेळ पगारी नोकरी सांभाळून वकिली करता येत नाही. ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी करताना पहिली काही वर्षे मिळकत तुटपुंजीच असते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला उच्च न्यायालयाचे इंग्रजी निकाल सुरुवातीस जड जातात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेसह तीन नवे फौजदारी कायदे लागू झाल्याने जुन्याजाणत्यांनाही पुन्हा अभ्यासाला बसावे लागले. ज्याला आयुष्यभर वाचन करण्याची तयारी नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

मात्र ज्याची तयारी आहे, त्याच्या पहिल्या काही वर्षांचा भार एकट्या कुटुंबावर पडू नये. संस्थेने दरवर्षी एका गरजू पदवीधराच्या विधिशिक्षणास साहाय्य द्यावे, ग्रंथालयात कायद्याची अद्ययावत मराठी पुस्तके ठेवावीत आणि संस्थेचे दप्तर त्या विद्यार्थ्यास अभ्यासासाठी खुले करावे. अनेकांतवादाच्या संस्कारात वाढलेल्यास दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणे परके वाटणार नाही. न्यायाचा पहिला नियमही तोच आहे. पन्नास वर्षांत मागील पिढीने मिळकत उभी केली. ती जपण्यासाठी लागणारे ज्ञान पुढील पिढीच्या हाती देणे, हे या सुवर्णमहोत्सवाचे कर्तव्य ठरो.

जय जिनेंद्र!