हान कांग: ग्वांगजूची लेखिका

2024चं साहित्याचं नोबेल पारितोषिक दक्षिण कोरियाच्या हान कांग यांना मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन साहित्यिक, आणि आशियातल्या पहिल्या लेखिका.

जन्म 1970चा, ग्वांगजू शहरातला. वडीलही कादंबरीकार. 1980च्या सुरुवातीला हे कुटुंब सोलला गेलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात ग्वांगजूत लोकशाही मागणाऱ्या नागरिकांवर लष्करानं गोळ्या झाडल्या. पुढे, बाराव्या वर्षी, त्या हत्याकांडाच्या छायाचित्रांचं पुस्तक हान कांग यांना घरातच सापडलं. ते चेहरे त्यांच्या मनातून गेले नाहीत. 2014मध्ये आलेल्या ‘ह्यूमन ॲक्ट्स’ या त्याच हत्याकांडावरच्या त्यांच्या कादंबरीत एक शाळकरी मुलगा मृतदेहांची देखभाल करतो; एक प्रकरण तर मारल्या गेलेल्या मुलाचा आत्माच सांगतो. मृतांना असं बोलतं करणं, हेच मला त्यांचं सर्वांत मोठं सामर्थ्य वाटतं.

‘द व्हेजिटेरियन’ची नायिका भयंकर स्वप्नानंतर मांसाहार सोडते आणि घरचेच तिच्यावर बळजबरी करतात. या कादंबरीला, अनुवादक डेबोरा स्मिथ यांच्यासह, 2016चं मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. तिची कीर्ती अधिक. पण तुम्ही सुरुवात ‘ह्यूमन ॲक्ट्स’पासून करा.