कागदावरची दोन अक्षरं

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई लेकीच्या तपासणीचा कागद घेऊन आल्या. त्यावर ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ लिहिलेलं. “आता पोरीले कोन करन वं माय?” म्हणून त्या रडायला लागल्या. आम्ही सगळ्याच गप्प. मग आशाताईंना बोलावलं आणि एकेक शब्द समजून घेतला.

सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. म्हणून हाडं-सांधे ठणकतात, रक्त कमी होतं. आजार आई-वडिलांकडून येतो, शिवल्यानं होत नाही. आपल्या मेळघाटात, विदर्भात तो बऱ्याच घरांत आहे.

पहिली तपासणी सोल्युबिलिटीची. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे पोरगी आजारीच, असं नाही. पुढची तपासणी इलेक्ट्रोफोरेसिस. तिच्यात ‘एएस’ आलं तर वाहक. सहसा काही त्रास नसतो. ‘एसएस’ आलं तर रुग्ण. तिला कायम औषधोपचार लागतात.

नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. म्हणून लग्नाआधी मुलाचीही तपासणी हवी, एकट्या मुलीची नाही.

त्या लेकीचा दुसरा कागद आला: एएस. ताई तोवर आठ दिवस धड जेवल्या नव्हत्या. तेव्हापासून आमच्या गटात एक ठरलंय. कागद कळला नाही, तर तो लुगड्याच्या घडीत लपवायचा नाही. बैठकीत आणायचा, विचारायचं.