ढेंकळाला विचारा, मग पेरा
(पुणें येथें शेतकऱ्यांच्या सभेंत केलेलें भाषण)



पेरणीचा मुहूर्त विचारावयास आपल्यापैकीं कित्येकजण अजून पंचांगवाल्याच्या दारीं जातात व दक्षिणा देऊन येतात. पण आपल्या शेतांतलें ढेंकूळ हातांत घेऊन त्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं. ढेंकूळ दक्षिणा मागत नाहीं आणि खोटेंही बोलत नाहीं. आज मी त्याचीच वकिली करावयास उभा आहें.

आपल्या पुणें जिल्ह्याचेंच पाहा. लोणावळ्याकडे मावळांत वर्षाला १५० इंचांहून अधिक पाऊस. तेथली तांबूस माती धुऊन निघालेली, म्हणून तेथें भात. पूर्वेस बारामती-इंदापुराकडे पाऊस २० इंचांच्या आसपास. पण नदीकांठची काळी माती खोल. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळा सरल्यावर पोटांतल्या ओलीवर रब्बीची ज्वारी पोसते. माळावरची मुरमाड जमीन उथळ, तिच्यांत पाणी ठरत नाहीं. तेथें बाजरी, मटकी, हुलगा घ्यावा.

या तिघींचा बाप एकच, सह्याद्रीचा काळा पाषाण. ब्रह्मदेवाच्या मुखांतून काळी व पायांतून मुरमाड निघाली, असें नाहीं! पाऊस व उतार यांनीं केलेला हा भेद आहे. उतारावरची माती वाहिली, ती सखलांत सांचली. म्हणूनच महात्मा फुल्यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ग्रंथांत, पावसाचें पाणी शेतांतच मुरावें यासाठीं ताली-बांध घालण्याचा आग्रह सरकारजवळ धरला.

आतां काळ्या आईची आपण काय दशा केली, तें ऐका. १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा सुरू झाला. जितकें पाणी अधिक तितका ऊंस अधिक, अशी समजूत झाली. काळ्या मातींतून पाण्याचा निचरा लवकर होत नाहीं. जमिनीखालचें पाणी वर चढलें, उन्हानें उडून गेलें, आणि त्यांतले क्षार वर पांढरे होऊन बसले. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरल्ड मान व त्यांच्या सहकाऱ्यानें नीरा खोऱ्यांतील या खारवट जमिनींची तपासणी १९१० सालीं छापली. शंभरांवर वर्षें उलटलीं, तरी ऊंसाच्या पट्ट्यांत तोच रोग आहे.

याला उपाय आहे. खारवट जमिनींत आधीं चर खणून पाण्याला वाट द्यावी, मग गोड्या पाण्यानें क्षार धुवावे. चोपण जमिनीला नुसतें धुणें पुरत नाहीं. तिला निचऱ्याबरोबर जिप्सम द्यावें, ताग-धैंचा गाडावा. रोग वेगळा, औषध वेगळें. म्हणून आधीं परीक्षा. पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वीं, शेतांत नागमोडी चालत सात-आठ ठिकाणीं वीतभर खड्डे करा. कडेची माती खरवडून एकत्र कालवा व त्यांतली अर्धा किलो सरकारी तपासणीस द्या. २०१५ पासून माती-आरोग्याची पत्रिका मिळते. जन्मपत्रिकेपेक्षां ती जपून ठेवा.

आणखी एक विनंति. आमचे कुंभारबंधु चिमटीनें माती ओळखतात, त्यांना विचारा. पण चार पैशांसाठीं शेताची वरची माती वीटभट्टीला विकूं नका. ती तयार व्हावयास शतकें लागतात, न्यावयास एक दिवस पुरतो. सावकाराचें देणें एखादे वेळीं फिटेल. गेलेल्या मातीचें देणें नातवंडांकडूनही फिटणार नाहीं.