डॉक्टरेट झाली, आता नोकरी कुठं?
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही याच वस्तीत वाढलो. रसायनशास्त्रात पीएच.डी. झालो तेव्हा याच विहारात शाल-श्रीफळ मिळालं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टर झालास, आता दवाखाना कुठं काढतोस?" सारे हसले. पुढं दोन वर्षं मात्र "मग, नोकरी?" असं कुणी विचारील म्हणून आम्ही गल्ली बदलून जायचो.

फेलोशिप संपली, घरात येणारा पैसा थांबला. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं. जेवढे तास तेवढे पैसे. सुटीत काहीच नाही. तरी प्राध्यापकीशिवाय दुसरं काही केलं तर शिक्षण वाया गेलं, असं आमच्याच डोक्यात बसलेलं. त्यात 1 जुलै 2023 पासून यूजीसीनं सहायक प्राध्यापकपदाला नेट-सेट ही किमान पात्रता ठरवली, पीएच.डी. ऐच्छिक केली.

बाबासाहेबांनाही प्राध्यापकी लगेच मिळाली नव्हती, हे आपण विसरतो. 1917 साली परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला जागा मिळेना. मुंबईत येऊन शिकवण्या घेतल्या, शेअर बाजाराचा सल्ला देणारं कार्यालय काढलं. जात कळताच गिऱ्हाईक तुटलं. सिडनहॅम कॉलेज त्यानंतर, 1918 च्या नोव्हेंबरात.

आता आपल्या जिल्ह्याचं बघा. तुळजापूर तालुक्यात तामलवाडीला बालाजी अमाइन्सचा कारखाना आहे. अमाइन्स औषधांना लागतात, पिकांवरच्या फवारणीलाही लागतात. सोलापूरला जाता-येता शंभरदा तो रस्ता तुडवला, पण अशा फाटकाआड आपल्या शिक्षणाचं काम असतं हे कधी मनात आलं नाही!

पुढं एका औषध कंपनीत मुलाखतीला गेलो. साहेबांनी विचारलं, "एवढं शिकून इथं टिकाल का?" आम्ही प्रबंधच सांगत बसलो. नोकरी गेली. दुसऱ्या ठिकाणी सरळ सांगितलं: एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, आम्ही पाच वर्षं चालवलंय, बिघडलं तर कुठं बिघडलं तेही कळतं. घेतलं. पगार एम.एस्सी.वाल्याइतकाच. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलावं? पण महिन्याच्या महिन्याला आला.

आणखीही वाटा आहेत. न्यायसहायक प्रयोगशाळेत विषाचे, दारूचे नमुने तपासायला रसायनवालेच लागतात. अन्न विश्लेषकाची परीक्षा आहे, पण तिला अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव आधी हवा. पेटंट एजंटला तर वकिली शिकावी लागत नाही. विज्ञानाची किंवा इंजिनीअरिंगची पदवी, वय 21 पूर्ण, आणि परीक्षा पास. दुसऱ्याचा शोध बारकाईनं वाचून नवं काय ते ओळखायचं. प्रबंध लिहिणाऱ्याला ते काम नवं नाही.

एक विनंती आयाबहिणींना. लग्नकार्यात चारचौघांत पोराला नोकरीचं विचारू नका. पोरगं आधीच आतून खचलेलं असतं. पोरीला तर "आता शिक्षण पुरे, लग्न उरका" हेही ऐकावं लागतं.

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही इथंच बसतो. अर्ज घेऊन या. प्रबंधाचं लांबलचक नाव खाली लिहा, हातानं येणारी कामं वर. इंग्रजी अडलं तर मिळून बघू. जयभीम!